सहा हजार ईमेल पत्त्यांची यादी कशी सांभाळावी? आणि विकतची यादी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावात घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. प्रदर्शनं, दुकानातली वही आणि वेबसाइट मिळून सहा हजारांवर ईमेल पत्ते जमलेत. मेल पाठवले की बरेचसे स्पॅममध्ये जातात. ओळखीचा एकजण मुंबईतले लाखभर पत्ते विकत द्यायला तयार आहे. ते घ्यावेत का, आणि आहे ती यादी नीट कशी ठेवावी?

विकतच्या यादीचं आधी सांगते. घेऊ नका. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

माझ्या वहिनीचा हातमागाच्या साड्यांचा व्यवसाय आहे. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली अशी वर्षाला सात-आठ प्रदर्शनं आम्ही करतो आणि ग्राहकांना मेल पाठवायचं काम २०१६ पासून माझ्याकडे आहे. २०१९ च्या दिवाळीआधी शेजारच्या स्टॉलवाल्या बाईंनी त्यांची यादी आम्हाला दिली, आम्ही आमची त्यांना दिली. दोघींचाही हेतू चांगला होता. त्यांच्या ग्राहक दागिने घेणाऱ्या, आमच्या साड्या घेणाऱ्या, म्हटलं चाललं की. मेल गेला आणि दुसऱ्याच दिवशी, ज्या कंपनीच्या सेवेतून आम्ही हजारो मेल एकगठ्ठा पाठवतो, तिने आमचं खातं बंद केलं. ऐन दिवाळीत अकरा दिवस आम्ही मुके. खातं परत सुरू झालं तरी पुढे काही महिने आमच्या जुन्या, दर पाडव्याला येणाऱ्या ग्राहकांनाही आमचे मेल स्पॅममध्ये सापडत होते.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं समजतं. जीमेलसारख्या सेवा तुमच्या डोमेनचा, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचा, हिशोब ठेवतात. किती लोकांनी मेल उघडून पाहिला, किती जणांनी 'स्पॅम' बटण दाबलं, किती पत्ते अस्तित्वातच नव्हते, हे सगळं त्यात येतं. ज्याने तुम्हाला कधी पत्ता दिलाच नाही तो तुमचं नाव ओळखत नाही, म्हणून सरळ स्पॅम दाबतो. गुगलची मर्यादा ०.३ टक्के आहे, म्हणजे हजार मेलमागे तिघांनी तक्रार केली की तुम्ही काठावर आलात. ०.१ टक्क्याच्या आत राहा, असं गुगलच सांगतं. शिवाय विकतच्या याद्यांमध्ये सापळ्याचे पत्ते असतात. ते कुणाच्याच वापरात नसतात, मागितल्याशिवाय मेल पाठवणारे पकडण्यासाठीच जिवंत ठेवलेले असतात. तिथे मेल गेला की तुमचं डोमेन काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, जाऊ शकतं. मग ऑर्डरची पावतीसुद्धा ग्राहकापर्यंत पोचेना होते.

आता तुमचे मेल आत्ताच स्पॅममध्ये का जातात ते. एक शक्यता तांत्रिक आहे आणि ती एका दुपारचं काम आहे. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. 'हा मेल खरोखर या डोमेनवरून आलाय' याचे हे पुरावे. गुगलच्या लेखी दिवसाला जीमेलच्या ५,००० पत्त्यांवर पाठवणारा मोठा पाठवणारा, आणि सहा हजारांच्या यादीत बहुतेक पत्ते जीमेलचे असतील आणि ती एका दिवसात पाठवलीत तर तुम्ही त्यात बसू शकता. एकदा बसलात की तो शिक्का पुसला जात नाही. ज्याने वेबसाइट बनवून दिली त्याला या तीन नोंदी करायला सांगा. साध्या जीमेल खात्यावरून पाठवत असाल तर ते आजच थांबवा. त्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, आणि पत्ते बीसीसीच्या (इतरांना न दिसणाऱ्या) रकान्याऐवजी चुकून सीसीच्या रकान्यात गेले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. स्वतःचं डोमेन आणि मेल पाठवणारी एखादी सेवा, एवढं हवंच. गुगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, तक्रारींचं प्रमाण तिथे दिसतं.

पण नोंदी नीट असूनही यादी खराब असेल तर काही उपयोग नाही. माझ्या मते खरं काम इथे आहे.

प्रत्येक पत्त्यापुढे तीन रकाने हवेत: कुठे मिळाला, कधी मिळाला आणि कशासाठी दिला. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कुणी बिलासाठी पत्ता दिला असेल, कुणी नव्या मालाचं कळवा म्हणून. आम्ही एका वर्षी पैठणीची सोडत ठेवली होती. डब्यात चिठ्ठी टाकायची, चिठ्ठीवर नाव, फोन, ईमेल. दोन दिवसांत नऊशे चिठ्ठ्या जमल्या, आम्ही खूश. पुढे पाहिलं तर तक्रारी सगळ्यात जास्त त्याच पत्त्यांवरून येत होत्या. साहजिक आहे. त्या बायकांना पैठणी हवी होती, आमचे मेल नव्हे. ते नऊशे पत्ते आम्ही काढून टाकले. तुमच्या सहा हजारांत असे सोडतीचे, बिलाचे, कुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उतरवलेले किती आहेत ते आधी शोधा.

हाताने लिहिलेल्या वहीचा वेगळा त्रास. इंग्रजी एल आणि एक सारखेच दिसतात, एन आणि यू सारखे दिसतात, गर्दीत उभ्याने लिहिलेलं असतं, आणि टाइप करणारा अंदाजाने भरतो. चुकीच्या अंदाजाने मेल दुसऱ्याच कुणाकडे जातो आणि तो वैतागतो. आता आम्ही टेबलावर क्यूआर कोड ठेवतो, ग्राहक स्वतःच्या फोनवर पत्ता भरतो. आजीबाईंसाठी वही आहेच, पण पत्ता त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून घेतो. त्यानंतर लगेच एक छोटा मेल जातो: 'तुम्हीच पत्ता दिलात ना? मग इथे दाबा.' दाबलं तरच नाव यादीत येतं. दरवेळी काही जण दाबत नाहीत आणि वहिनीला सुरुवातीला फार हळहळ वाटायची. पण जे दाबतात ते खरेच आपले असतात.

मुंबईपुरती एक युक्ती सांगते, ती मला फार आवडते. घरचा पत्ता विचारला की लोक बिचकतात. स्टेशन विचारा, चटकन सांगतात. स्टेशन कळलं की यादीचे पश्चिम, मध्य आणि हार्बर असे भाग आपोआप पडतात. डोंबिवलीच्या बाई बोरिवलीच्या प्रदर्शनाला येणार नाहीत. त्यांना तो मेल पाठवून आपण फक्त त्यांचा कंटाळा वाढवतो. रविवारी मेगाब्लॉक असेल तर त्या लाइनवाल्यांना शनिवारी संध्याकाळी 'अमुक वेळेत गाड्या कमी आहेत, सकाळी लवकर या' एवढंच कळवतो. त्या दोन ओळींच्या मेलला जितकी 'थँक्यू' अशी उत्तरं येतात तितकी सवलतीच्या मेलला कधी आली नाहीत. तुम्ही मसाल्यांसाठी आणखी एक विचारू शकता: मालवणी, गोडा, की उपासाचं? उपासाच्या भाजणीच्या ग्राहकाला मटण मसाल्याचा मेल, तोही श्रावणात, जायला नको.

मेल परत येणं म्हणजे बाउन्स, त्याचे दोन प्रकार. पत्ताच अस्तित्वात नसेल तर ते नाव लगेच काढायचं, दुसरी संधी नाही. पेटी भरलेली असेल किंवा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर थांबायचं. माझा नियम असा की लागोपाठ चारदा परत आला तर काढायचा. आपल्याकडे पत्ते मरतातही भराभर. कुणी बीकेसीतल्या नोकरीचा पत्ता दिलेला असतो आणि नोकरी बदलते. गुगल डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकतंय. याहूने २०१३ मध्ये बंद पडलेली नावं नव्या लोकांना दिली होती. म्हणजे जुन्या वहीतला पत्ता आज परक्याचाही असू शकतो.

झोपलेल्या ग्राहकांबद्दल मात्र घाई करू नका. 'सहा महिने उघडला नाही तर काढा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो आपल्या धंद्याला लागू पडत नाही. साडी वर्षातून एकदा घेतली जाते, आणि तुमचा मसालासुद्धा मार्च ते मेमध्ये वर्षाचा भरला जातो. म्हणून मी चौदा महिन्यांची मुदत ठेवते, म्हणजे एक पूर्ण हंगाम त्यात येतोच. आणि 'उघडला' या आकड्यावर विसंबू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, ग्राहकाने गोपनीयतेची सोय चालू केली असेल तर, त्याने मेल न पाहताही त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न पाहिलेला मेलही उघडलेला दिसतो. लिंक दाबली का, उत्तर दिलं का, खरेदी केली का, हे पाहा.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांबलचक उत्तर लिहायला घेतलं ते.

आमच्या एक जुन्या ग्राहक होत्या. एकदा त्यांच्याच पत्त्यावरून त्यांच्या यजमानांचं दोन ओळींचं उत्तर आलं: 'हिचं गेल्या महिन्यात निधन झालं. कृपया मेल बंद करावेत.' मी वाचलं, वाईट वाटलं, सांत्वनाचं उत्तर लिहिलं आणि यादीतून नाव काढलं. माझ्या यादीतून. वहिनीच्या लॅपटॉपवर त्याच एक्सेलची जुनी प्रत होती आणि जानेवारीत घाईत तिने ती वापरली. संक्रांतीचा मेल गेला, वर त्यांचं नाव, खाली 'यंदाच्या हळदीकुंकवासाठी खास तुमच्यासाठी काळी चंद्रकळा'. काकांचा फोन आला. ते रागावले नाहीत. 'मी कळवलं होतं ना तुम्हाला' एवढंच म्हणाले. मला आजही तो आवाज आठवतो.

तेव्हापासून आमच्याकडे यादी एकच आहे, एकाच ठिकाणी. एक्सेलच्या प्रती कुणाच्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सअॅपवर नाहीत. आणि ज्यांनी 'नको' म्हटलं त्यांची नावं आम्ही पुसत नाही, 'पाठवू नये' अशा वेगळ्या यादीत ठेवतो. पुसलं तर पुढच्या प्रदर्शनाच्या वहीतून किंवा जुन्या प्रतीतून ते नाव परत आत येतं. वेगळ्या यादीत असलं की प्रत्येक मेलआधी ती यादी आडवी येते आणि नाव अडतं. मेल पाठवणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये ही सोय असते, फक्त जुने नकार तुम्हाला हाताने भरावे लागतील. फोनवर, दुकानात, व्हॉट्सअॅपवर तोंडी आलेला 'नको' हाही नकारच, तोही त्याच दिवशी भरा.

बंद करण्याची लिंक मेलच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरात लपवू नका. एका टिचकीत बंद व्हायला हवं. पासवर्ड मागणं नको, 'का जाताय?' विचारणं नको. गुगल-याहूच्या नियमात हेही आहे, आणि विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. ज्याला लिंक सापडत नाही तो स्पॅम दाबतो, त्याने नुकसान आपलंच. आम्ही लिंकच्या वर एक पर्याय दिलाय: 'फक्त दिवाळीला कळवा'. बऱ्याच जणी तोच निवडतात आणि खरंच दिवाळीला येतात.

कायद्याचंही लक्षात असू द्या. एसएमएस आणि फोनसाठी ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नियम आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ईमेल पत्ताही येतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती स्पष्ट आणि विशिष्ट कारणासाठी हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्यांवर तेवढी वेळ येवो न येवो, मदतनीस मुलाला पूर्ण यादी पेनड्राइव्हवर देण्याआधी हे आठवावं.

तुमच्या सहा हजारांचं आता असं करा. सोडतीचे आणि कुठून आले ते सांगता येत नाही असे पत्ते बाजूला काढा, त्यांना काहीच पाठवू नका. दोन वर्षांत खरेदी नाही, उत्तर नाही, त्यांनाही नाही. उरलेल्यांतल्या गेल्या वर्षभरात खरेदी केलेल्यांना नेहमीसारखे मेल चालू ठेवा. मधल्यांना एकदाच विचारा, रोज दोनशे-तीनशे असे थोडे थोडे, सगळ्यात अलीकडच्यांपासून. मी पाठवते तो मजकूर साधारण असा:

'नमस्कार. अमुक महिन्यात पार्ल्याच्या प्रदर्शनात तुम्ही आम्हाला हा पत्ता दिला होता. महिन्यातून एकदा आम्ही नव्या मालाचं कळवतो. पुढेही हवं असेल तर इथे दाबा. नको असेल तर काही करू नका, आम्ही यापुढे मेल पाठवणार नाही.'

शेवटचं वाक्य लिहिलं की पाळायचं. दोन आठवडे थांबा, ज्यांनी दाबलं नाही त्यांना 'पाठवू नये' मध्ये टाका, आठवणीचा दुसरा मेल नको. आमची यादी यातून जवळपास निम्मी झाली होती. हे काम पावसाळ्यात उरका, तुमची मसाल्याची गडबड संपलेली असते आणि दिवाळीचा मेल जायला अजून वेळ असतो.