मशीन आईसाठी बघितलं, जाहिराती माझ्या मागे

प्रश्न : आईसाठी कानाचं मशीन बघायला एका साइटवर गेले. तेव्हापासून बातम्या उघडा की हवामान, कडेला जाहिरात कानाच्या मशीनचीच. घाबरून सगळ्या कुकीज पुसल्या, तर सगळीकडचं लॉगिनच गेलं. माझा फोन हॅक झालाय का?

उत्तर : नाही, हॅक झालेला नाही. कुकी हा व्हायरस नसतो. जेमतेम चार केबीचा मजकूर असतो. वेब मुळात विसराळू. दर पानाला सर्व्हरच्या लेखी तुम्ही नव्याच. म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी युक्ती काढली : साइटनं ब्राउझरकडे एक चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या खेपेला ब्राउझरनं ती दाखवायची. तुमचं लॉगिन त्याच चिठ्ठीवर टिकून होतं.

पाळत मात्र खरी आहे. मी वेबसाइटी बनवते, त्यामुळे हे रोज बघते. मशीनच्या पानात जाहिरात कंपनीचं एक चित्र दडवलेलं असतं, एका पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं. ते आणायला ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि येताना तिची चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर लांबलचक क्रमांक. बातम्यांच्या पानातही त्याच कंपनीचा कोड असला, की ब्राउझर निमूटपणे तोच क्रमांक पुढे करतो. ‘हीच ती, कानाचं मशीन बघणारी!’

क्रमांकच तर आहे, नाव कुठे आहे, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. कुठेतरी एकदा ईमेल दिलात की त्या क्रमांकाला माणूस जोडता येतो. आईनं कानाचं दुखणं कदाचित शेजारीही सांगितलं नसेल.

सगळं पुसू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त ‘थर्ड-पार्टी कुकीज’, म्हणजे त्या जाहिरात कंपनीसारख्या तिसऱ्याच्याच चिठ्ठ्या, बंद करा; लॉगिन सहसा शाबूत राहतं. सफारी २०२० पासून त्या आपणहून अडवतं, फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतं. क्रोममध्ये मात्र तुम्हालाच हात घालावा लागेल. त्या हटवण्याचा बेत गूगलनं जाहीर केला होता, पुढे सोडून दिला. दुखण्याखुपण्याचं काही शोधायचं तर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, ती बंद केली की तिथल्या कुकीज जातात. स्क्रीनचं माप, फॉन्ट वगैरेंवरून ब्राउझर ओळखायची पद्धतही आहे. तिला कुकीज लागतच नाहीत, त्यामुळे ती यानं थांबणार नाही.