धुळीचा कण एकाच वेळी दोन ठिकाणी?

प्रश्न: अणू एकाच वेळी दोन मार्गांनी जातो, तर धुळीच्या कणाबाबत हे का दिसत नाही?

उत्तर: क्वांटम सिद्धान्तात वस्तुमानाची मर्यादा कुठेही नाही, खरी अडचण वस्तूचा ठावठिकाणा बाहेर फुटण्याची आहे. व्हिएन्नात २००४ मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवले, तेव्हा त्यांनीच सोडलेल्या प्रकाशकणांतून मार्ग उघड होऊ लागला आणि व्यतिकरणाचे पट्टे (दोन्ही मार्गांच्या लहरी एकमेकींत मिसळून उमटणारी नक्षी, म्हणजे दोन्ही मार्गांनी गेल्याची खूण) पुसट होत गेले, हा मला या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. तिथेच २०१९ मध्ये सुमारे २,००० अणूंच्या रेणूंचेही पट्टे दिसले. मात्र कण जितका जड, तितकी त्याच्या क्वांटम लहरीची तरंगलांबी तोकडी, त्यामुळे पट्टे दिसण्यासाठी उड्डाण लांबवावे लागते आणि तेवढ्या अवधीत हवेचा एखादा रेणू आदळला तरी अध्यारोपण, म्हणजे एकाच वेळी दोन्ही मार्गांवर असण्याची स्थिती, मोडते.