रोजच्या निर्णयांत आपला पूर्वग्रह आड येतोय हे स्वतःलाच कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नाखाली स्वतःच लिहिलंय की, 'मी तरी निकालावरून ठरवतो, निकाल चांगला लागला म्हणजे विचार बरोबर होता.' त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. हे साफ चूक आहे, आणि आमच्या घरात २०२३ पासून याच वाक्यावरून भांडण चालू आहे.

निफाड तालुक्यात आमची शेती. वाटण्या झाल्या तेव्हा वावर वेगळं झालं, कांदाचाळी, म्हणजे कांदा साठवायच्या चाळी, मात्र शेजारीशेजारी राहिल्या. एक आमची, एक धाकट्या दिरांची. माती तीच, बी तेच, पाऊस तोच. फरक एवढाच, की कोण कधी विकतो. आमच्याकडचा हिशोब मी बघते. शाळेत गणित शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, पण आता मला ते आवडतं.

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचा भाव इतका पडला की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. त्यात उन्हाळ कांद्याच्या, म्हणजे चाळीत साठवतात त्या कांद्याच्या, काढणीला अवकाळी आणि गारा. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. तरी सगळ्यांनी चाळी भरल्या, कारण त्या भावात देणं म्हणजे फुकट वाटणंच होतं. आम्हीही भरली.

जुलैअखेर चाळीला वास सुटला. खालच्या थरात काजळी, म्हणजे काळी बुरशी, आणि सड. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भाव दोन हजारांच्या आसपास आला तेव्हा मी यांना म्हटलं, दोन हिस्से काढू, एक ठेवू. आणि गाडी भरायच्या आधी वहीत कारणं लिहिली: माल भिजलेला आहे, सड दिसतेय. दिवाळीपर्यंत थांबलो तर निम्माच विकण्याजोगा राहील, म्हणजे भाव दुप्पट झाला तर बरोबरी. दुप्पट होईल असं वाटतं का? दहात तीन. फार चढला तर सरकार हात घालेलच.

भाऊजी चाळीपाशी उभे राहून हसले. "वहिनी, चार महिने सांभाळला, आता दोन महिन्यांसाठी कशाला सोडायचा? आणि खर्च किती झालाय त्याच्यावर!" झालेला खर्च विकलं तरी परत येणार नव्हता आणि ठेवलं तरी नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं. त्यांना ते मास्तरकीचं वाटलं.

१९ ऑगस्टला केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मग सरकारी खरेदीचा २,४१० रुपये भाव जाहीर झाला, सगळा गोंधळ. त्या आठवड्यात मी गावातली सगळ्यात हुशार बाई होते. सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "हिला आधीच कळलं होतं." मला काहीही कळलं नव्हतं. वहीत शुल्काचा शब्द नाही.

ऑक्टोबरअखेर भाव चार हजारांच्या वर गेला. केंद्राने टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवता येईना, तरी भाऊजींनी त्या तेजीत आपला माल काढला. दिवाळीला फराळाच्या ताटावर विषय निघाला आणि मी घाबरट ठरले, घाईची ठरले. निर्णय तोच, कारणं तीच. ऑगस्टात ज्याला शहाणपण म्हणत होते त्याला नोव्हेंबरात मूर्खपणा म्हणायला लागले, आणि मधल्या काळात मी काहीच केलं नव्हतं.

मानसशास्त्रात यावर जुने प्रयोग आहेत. बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये लोकांना डॉक्टरांचे निर्णय तपासायला दिले. माहिती तीच, शस्त्रक्रियेचा धोका तोच. रुग्ण वाचला असं सांगितलं की लोक निर्णयाला चांगले गुण देत, दगावला म्हटलं की कमी. दुसरा प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर जाणार होते, तेव्हा काय काय घडेल याचे अंदाज फिशहॉफ आणि बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घेतले. दौऱ्यांनंतर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे खरं ठरलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं पुष्कळांना आठवलं. खोटं कुणी बोलत नव्हतं, त्यांना तसंच आठवत होतं. आमच्या गावात 'मी म्हणालोच होतो' म्हणणारे निम्मे लोकही खोटं बोलत नाहीत. म्हणून आधी लिहून ठेवायचं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच पक्कं उत्तर आहे: कारण, तारीख, आणि दहापैकी किती खात्री. निर्णयाच्या आधी. नंतर लिहिलेलं काही कामाचं नाही.

आता भाऊजींच्या तेजीबद्दल. ते क्विंटलचा भाव सांगतात. चाळीत भरलं किती आणि काट्यावर गेलं किती, हे सांगत नाहीत. ऑगस्टातल्या शंभर क्विंटलचा ऑक्टोबरात पन्नास राहिला, तर चार हजार म्हणजे ऑगस्टचे दोन हजारच, वर निवडणीची मजुरी गेली ती वेगळी. आणि मोड आलेला माल, गोल्टी म्हणजे बारका कांदा, हे कोणत्या भावाने गेलं? त्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, मी आजवर पाहिलेल्या नाहीत. आपल्याला हवा तो आकडा पुढे करणं आणि बाकीचे खिशात ठेवणं, रोजच्या व्यवहारात पूर्वग्रह असाच दिसतो. फ्लॅट घेणारा 'दुप्पट झाला' म्हणतो तेव्हा व्याज धरत नाही. शेअरवाला फक्त चढलेले शेअर सांगतो.

२०२४ ला माल कोरडा होता म्हणून मीही थांबले, आणि दोघांनाही बरे पैसे मिळाले. मग २०२५ ला भाऊजींनी 'थांबलं की मिळतं' एवढ्याच भरवशावर चाळ भरून ठेवली. एप्रिलपासून निर्यात शुल्कही उठलं होतं, त्यामुळे त्यांना आणखीच जोर आला. भाव काही उठला नाही. विचारलं तर म्हणाले, "सरकारने मारलं." म्हणजे चढला तर अक्कल यांची, पडला तर दोष दिल्लीचा.

तुम्हाला वापरता येईल अशी एक गोष्ट सांगते, कारण ती मी खरोखर वापरते. हातातली वस्तू सोडवत नसेल तर उलटा प्रश्न विचारा: हा कांदा आज माझा नसता, तर याच भावाने विकत घेऊन मी चाळीत भरला असता का? उत्तर नाही असेल तर तुम्ही माल धरून ठेवलाय तो केवळ तुमचा आहे म्हणून. जुनी गाडी, न जमणारा क्लास, पडलेला शेअर, सगळीकडे हे चालतं. आणि सल्ला विचारायचा तर ज्याची चाळ आधीच भरलेली आहे त्याला विचारू नका. तो थांबाच म्हणणार.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. वहीचा उपयोग पुन्हा पुन्हा येणाऱ्या निर्णयांना आहे. लग्न, नोकरी सोडणं, असल्या एकदाच येणाऱ्या गोष्टींत 'दहात तीन' लिहून फारसं काही हाती लागत नाही. निकालाकडे अजिबात बघू नये असंही मी म्हणत नाही. चार-सहा हंगाम सतत उलटं पडत असेल तर वहीतली कारणंच चुकताहेत. आणि सरकारच्या नावाने भाऊजी बोलतात त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी एका रात्रीत आली, तिचा अंदाज कुठल्या वहीत बसणार. हेही खरं, की या सगळ्या लिखाणात मी दुसऱ्याच्याच चुका मोजल्यात. पण माझी वही आहे. कुणालाही दाखवते.

भाऊजी हे वाचतील याची मला खात्री आहे, कारण माझी पुतणी त्यांना सगळं वाचून दाखवते. तर भाऊजी, २०२३ च्या पट्ट्या. सगळ्या, गोल्टीच्याही.