राखाडी घोड्यांची वही

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी नाशकात गोदेकाठी, गंगेवरच्या बाजारात भेटलास आणि पिशवीतून वही काढून दाखवलीस. चाळीस रेसांची नोंद, राखाडी घोड्यांची नावं लाल शाईत. ‘काका, राखाडी जिंकतोच, पैसे त्याच्यावरच लावायचे,’ म्हणालास. भाजीच्या गर्दीत मी गप्प राहिलो, पण घरी आल्यापासून ती वही डोळ्यांसमोरून हलत नाही. या जिल्ह्यात तीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. घोडेही पुष्कळ हाताखालून गेले. म्हणून लिहायला बसलो.

रंगाची ही समजूत तुला कुठून आली ते मी ओळखतो. आपल्याकडे घोडा आधी रंगावरच पारखतात. येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात जा, नाहीतर दत्तजयंतीला सारंगखेड्याला. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी, भाव लगेच चढतो. गळ्याला देवमण, म्हणजे केसांचा शुभ मानलेला भोवरा, असलं तर व्यापारी ते बोट लावून दाखवतो. नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र घोडा, वरातीसाठी मागतात. तिथं यात काही चूक नाही, गिऱ्हाईक रूपाचेच पैसे मोजतं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मात्र रूपाला बक्षीस नाही. तिथली मोठी शर्यत, इंडियन डर्बी, २४०० मीटरची असते. त्या अंतरात फुप्फुसं, काळीज आणि पायांच्या शिरा कामाला येतात, वरच्या केसांचा रंग नाही.

राखाडीचंच घे. राखाडी घोडा जन्मतः राखाडी नसतो. शिंगरू काळं, तांबडं, कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ), कुठल्याही गडद रंगाचं जन्मतं आणि वर्षागणिक पिकत जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लोखंडासारखं दिसतं, पुढं पांढरंफेक. आईबापांपैकी एक राखाडी असल्याशिवाय हा रंग येत नाही. जनुकाचा एक तुकडा दुप्पट झाल्यामुळे हे घडतं, हे २००८ साली उघड झालं. उतारवयात अशा घोड्यांच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात, त्या मी स्वतः तपासल्या आहेत. त्या तुकड्यानं केस पिकतात, गाठी येतात. पायाला वेग येतो असं मला कुठं दिसलं नाही.

तू म्हणशील, मग माझी वही खोटं बोलते का? वही खरी आहे, अपुरी आहे. तिच्यात जिंकलेले राखाडी आहेत. पळाले किती, तो रकाना नाही. बारा घोडे सुटले, त्यांत अकरा तांबडे-तपकिरी आणि एक राखाडी, तर डोळा त्या एकावरच राहतो. तो हरला की विसरतो, जिंकला की वर्षभर सांगत फिरतो. अमेरिकेत नेटिव्ह डान्सर नावाचा राखाडी घोडा होता. २२ पैकी २१ शर्यती जिंकला, हरला तो फक्त १९५३ची केंटकी डर्बी. काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तो घोळक्यात झटकन ओळखू यायचा, म्हणून घराघरात त्याचं नाव झालं. आता पुढचं ऐक. त्याचा मुलगा रेझ अ नेटिव्ह तांबडा निघाला, नातू मिस्टर प्रॉस्पेक्टर कुमैत. दोघेही नावाजलेले. वेग वंशात उतरला, राखाडी रंग एका पिढीतच मागं पडला. एखाद्या मोसमात एकाच राखाडी नराची पोरं चांगली पळाली, तर तुला वाटेल राखाडी जिंकतोय. जिंकत असतो बाप.

उलट्या बाजूनंही फसू नकोस. इंग्लंडची एप्सम डर्बी १७८० पासून चालू आहे आणि तिथं राखाडी घोडे चारच वेळा जिंकले: १८२१, १९१२, १९३६ आणि १९४६. यावरून राखाडी मंद असतो असं कुणी सांगितलं, तर त्यालाही हाच प्रश्न विचार, पळाले किती?

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे तू मला ठासून सांगितलंस. बरोबर आहे. ते कौशल्य घोड्याच्या तयारीचं, जॉकीचं आणि त्या दोघांना जाणणाऱ्याचं. रंग बघून लावलेला पैसा म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलणं. त्यात टोट, म्हणजे रेसकोर्सवरची पैसे लावायची खिडकी, आपला वाटा आधी कापून घेतो. शिवाय लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५मध्ये तो ४० टक्के झाला. इतकं कापून उरलेल्या पैशांत चिठ्ठ्या उचलून कुणाचं घर चालत नाही रे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो होतो. एक घोडा राखेसारखा चमकत होता. अर्धा पगार त्याच्यावर लावला. तो कितवा आला तेही मला शेवटी दिसलं नाही. घरी आईला सांगितलं, भिशीत भरले. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते खोटं मी तिच्या हयातीत दुरुस्त केलं नाही. पैसे पुढं भरून निघाले.

तुला घोडे आवडतात, हे मला त्या वहीतून कळलं. इतक्या सुबक अक्षरात कुणी नुसत्या पैशासाठी लिहीत नाही. मग पैसे लावणं थांबव आणि घोडा बघायला शीक. उभा असताना त्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस असते, भरधाव पळताना दोनशेच्या वर जाते. परत आल्यावर ती किती लवकर उतरते ते मोज. चौखूर पळताना तो एका झेपेला एकच श्वास घेतो, ते कान देऊन ऐक. चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या ठशापलीकडं पडतं का, पायाच्या नळीवर हात फिरवला तर कुठं गरम लागतं का, खूर एकसारखा झिजलाय का. हे पाहायला तिकीट लागत नाही.

येत्या मंगळवारी तुझी दुसरी पाळी आहे ना? सकाळी सहाला सीबीएस बसस्टँडवर ये, आपण येवल्याला जाऊ. वही आण. मी घोड्यांचे पाय दाखवतो, तू लिहून घे. दुपारपर्यंत तुला परत आणून सोडीन.

तुझा,
काका