धमनी की रोहिणी? मासोळीच्या पिल्लाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या पिल्लात रक्तवाहिन्या कशा घडतात यावर मराठीत टिपण लिहायचं आहे. आर्टरीला 'धमनी' म्हणावं की 'रोहिणी'? व्हेनला 'नस' चालेल का? आणि धडात स्नायूंच्या दोन-दोन खंडांमधून वर चढणाऱ्या ज्या बारीक वाहिन्या असतात, त्यांना काय म्हणायचं?

'नस' आधी निकालात काढतो. नस दबते तेव्हा ती मज्जातंतू असते आणि नस कापली जाते तेव्हा रक्त वाहतं. बोलण्यात हे खपतं, टिपणात नाही. 'शीर'ही काही फार सोवळी नाही म्हणा, टाचेवरच्या घोडशिरेत रक्ताचा थेंब नसतो, ती कंडरा आहे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पण व्हेनसाठी शीर हा शब्द लिखाणात रुळलेला आहे, तोच ठेवा.

माझं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. "धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची नळी, शीर म्हणजे अशुद्ध रक्ताची." शाळेत घोकलेलं हे वाक्य लोक मोठेपणीही ठणकावून सांगतात. तुमचा मासाच ते खोटं ठरवतो. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, रक्त घेणारा एक अलिंद आणि ते ढकलणारा एक निलय. त्यात येतं ते सगळं प्राणवायू संपलेलं रक्त, आणि तेच कल्ल्यांकडे ढकललं जातं. शाळेची व्याख्या धरली तर हृदयातून निघणाऱ्या पहिल्या मोठ्या नळीलाच धमनी म्हणता येणार नाही! हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. रक्ताच्या सोवळ्या-ओवळ्याचा इथे काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. धमनी हा शब्द 'ध्मा' या धातूपासून आला. ध्मा म्हणजे फुंकणे. पाणिनीच्या नियमाने वर्तमानकाळात या 'ध्मा'चा 'धम्' होतो, म्हणून 'धमति'. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीष्म 'शङ्खं दध्मौ', तो हाच धातू. पोट फुगतं त्याला वैद्य आध्मान म्हणतात, तेही यातलंच. गुजरातीत लोहाराच्या भात्याला आजही धमण म्हणतात आणि हिंदीत झोतभट्टीला धमन भट्टी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ब्रह्मणस्पती या देवाने जग घडवलं ते 'कर्मार इव अधमत्', लोहारासारखं फुंकून. चरकाने तर एका ओळीत तिन्ही शब्दांचा हिशेब मिटवला आहे: 'ध्मानाद् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः.' फुंकते ती धमनी, झिरपतं ते स्रोत, सरते ती शीर.

गंमत पुढेच आहे. ग्रीकांचा 'आर्टेरिआ' हा शब्दही मुळात श्वासनलिकेचा! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्रेटस या ग्रीक वैद्याने ठाम सांगितलं की धमन्यांत रक्त नसतं, प्राणवात असतो. कारण साधं: प्रेत उघडलं की धमन्या बहुधा रिकाम्या सापडतात, रक्त शिरांत गोळा झालेलं असतं. पुढे गॅलन या दुसऱ्या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधे चिरली आणि आत रक्तच दाखवलं. शब्द मात्र वाऱ्याचा तो वाऱ्याचाच राहिला. यावरून काही उत्साही मंडळी 'ग्रीकांनी आपल्याकडून उचललं' असं लिहितात. कशावरून? दोन्ही शब्दांचे धातू वेगळे आहेत.

उलट माझं मत असं की आपल्याकडचा शब्द प्रेतावरून आलेलाच नाही, तो नाडीच्या ठोक्यावरून आला आहे. बोटाखाली जे फुगतं आणि ओसरतं ते हुबेहूब भाता. चरकाच्या काही टीकाकारांनी 'ध्मान' म्हणजे वाऱ्याने भरणं असा अर्थ केला. त्याचाच टीकाकार चक्रपाणी याने नुसतं 'पूरण', म्हणजे भरणं, म्हटलं, आणि मी त्याच्या बाजूने आहे. माशात याचा पुरावाच बघायला मिळतो. निलयाच्या पुढे लवचीक भिंतीचा एक फुगीर कंद असतो. ठोक्यासरशी तो फुगतो आणि मग सावकाश आकसत नाजूक कल्ल्यांकडे रक्त एकसारखं सोडतो. भाता म्हणायला आणखी काय हवं?

राहिली रोहिणी. विश्वकोशात रोहिणी आणि नीला अशी जोडी आहे, लाल ती रोहिणी, निळी ती नीला. ही जोडी सुश्रुताकडची खरी, पण अर्धवट उचललेली. सुश्रुताने 700 सिरा, म्हणजे शिरा, मोजल्या आणि प्रत्येकी 175 अशा चार जातींत वाटल्या: वाताची अरुणा, पित्ताची नीला, कफाची गौरी, रक्ताची रोहिणी. म्हणजे रोहिणी ही धमनी नाहीच, ती एक सिरा आहे, आणि नीलेत वाहतं ते पित्त! धमन्या त्याने वेगळ्या मोजल्या, 24. सिरा, धमनी आणि स्रोतस् एकच, असं म्हणणाऱ्यांना त्याने तिथेच खोडून काढलं आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी चौघींतल्या दोघी घेतल्या, अरुणा आणि गौरीला वाऱ्यावर सोडलं. शिवाय रंगावरची नावं या पिल्लात निरर्थक आहेत. ते पारदर्शक असतं, पहिले काही दिवस प्राणवायू मुख्यतः कातडीतूनच मिळवतं, इतका की जनुकातल्या बदलामुळे हृदय न धडधडणारी पिल्लंही काही दिवस जगतात. आणि 2002 पासून प्रयोगशाळांत ज्या पिल्लांच्या रक्तवाहिन्या चमकवून पाहतात, त्यांत धमनी आणि शीर दोन्ही हिरव्या दिसतात. हिरवी रोहिणी लिहिणार का?

हो, त्या बारीक वाहिन्या. फलनानंतर सुमारे 24 तासांनी पिल्लात रक्त फिरू लागतं. त्याआधीच पाठीकडच्या महाधमनीतून खंडाखंडांमधून कोंब फुटलेले असतात. हे सगळे धमनीचे. साधारण दीड दिवसाच्या सुमारास खालच्या मोठ्या शिरेतून कोंबांची दुसरी लाट निघते. त्यातले काही कोंब आधीच्या वाहिन्यांना जाऊन जुळतात, त्या वाहिन्यांचं धमनीशी असलेलं नातं तुटतं आणि त्यांची शीर होते. शेवटी जवळपास निम्म्या धमन्या उरतात, निम्म्या शिरा. तेव्हा पहिल्या दिवसासाठी 'खंडांतर वाहिनी' एवढंच लिहा. दुसऱ्या लाटेनंतर रक्त वर जाताना दिसेल तिथे खंडांतर धमनी, खाली येताना दिसेल तिथे खंडांतर शीर.