आधी फक्त मायना

तुम्ही लिहिलंय की दर गुढीपाडव्याला पाच संकल्प करता: पहाटे पाचला उठणं, दहा किलो वजन उतरवणं, इंग्रजी सुधारणं, दरमहा ठरावीक पैसे मागे टाकणं आणि आठवड्याला एक पुस्तक वाचणं. पावसाळा लागेपर्यंत पाचही बंद पडलेले असतात. हे सहावं वर्ष. ‘ध्येय ठरवून ते पूर्ण करायचं कसं? की माझ्यात इच्छाशक्तीच नाही?’ हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

इच्छाशक्ती आहे हो तुमच्यात. नसती तर पाच वेळा मोडल्यावर सहाव्या पाडव्याला पुन्हा ठरवलंच नसतं. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मला माझ्या सासऱ्यांनी दाखवली.

मी बडोद्याची. माहेर-सासर दोन्ही दांडिया बाजारातलं. माझे आजेसासरे गायकवाडांच्या खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या खाजगी कारभारात, कारकून होते. २०१५ साली जुनं घर रिकामं करताना माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत त्यांना आलेली पावणेदोनशेच्या वर पत्रं, बहुतेक मोडी लिपीत, म्हणजे मराठीच्या जुन्या, घाईनं लिहायच्या लिपीत. मला तेव्हाच ध्यास लागला की ही आपण वाचायची. नाहीतर आमच्या पिढीबरोबर ती मुकी होणार.

पुढच्या पाडव्याला मी जाहीर केलं, तेही सगळं गोत जेवायला जमलेलं असताना: वर्षभरात सगळी पत्रं वाचून, देवनागरीत उतरवून, त्यांचं पुस्तक करणार. संध्याकाळचा एक मोडी वर्गही लावला, आठवड्यातून तीन दिवस. माणसं गळत गेली आणि दीड महिन्यात वर्गच बंद झाला. मग घरी रोज एक तास बसायचं ठरवलं. त्या तासात एक ओळसुद्धा धड लागायची नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे संपला हे कळायला मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि त्यात प्रत्येकाच्या हाताचं वळण वेगळं. गणपतीत सगळे पुन्हा जमले तेव्हा जो तो विचारत होता, ‘कुठवर आलं पुस्तक?’ एक पत्रही पुरतं वाचून झालं नव्हतं. दिवाळीच्या आवराआवरीत मी ट्रंक परत माळ्यावर चढवली आणि दोन वर्षं तिकडे बघितलं नाही.

२०१८ मध्ये सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, ती स्वतःहून खाली काढायला लावली. अण्णांचं वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. शाळेत ते मोडी शिकले होते, पण काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली. मी म्हटलं, ‘अण्णा, मला नाही जमायचं आता.’ त्यावर ते म्हणाले, ‘अगं, महाराजांनीसुद्धा आधी अमरेलीच घेतली होती.’

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. सयाजीराव महाराजांनी १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती घेतला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी सबंध संस्थानात लागू केलं ते १९०६ साली. हे साल आम्हा बडोदेकरांना लहानपणापासून पाठ. पण त्याआधी, १८९३ साली, त्यांनी ते फक्त एका तालुक्यात सुरू केलं होतं, तिकडे काठेवाडात, अमरेलीला. संस्थान त्यांचं होतं, हुकूम त्यांचा चालत होता. मनात आणलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळीकडे फर्मान काढता आलं असतं. एका तालुक्यापासून सबंध राज्यापर्यंत यायला त्यांनी तेरा वर्षं घेतली. ध्येय मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण राज्याचंच होतं.

‘मग माझी अमरेली कुठली?’ मी विचारलं. अण्णा म्हणाले, ‘मायना. बाकी पत्राकडे बघूच नकोस.’

पत्राच्या सुरुवातीचा ठराविक मजकूर म्हणजे मायना. ट्रंकेतली निम्म्याहून जास्त पत्रं आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावाची, साताऱ्याहून आलेली. प्रत्येकाची सुरुवात एकच: ‘अनेक आशीर्वाद उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.’ तिथे काय लिहिलेलं असणार हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे अक्षरं अंदाजानं हुडकत बसावं लागायचं नाही, ठाऊक शब्दांशी ती नुसती ताडून बघायची. ‘कुशल’ दोनदा येतं, म्हणजे त्यातली तिन्ही अक्षरं दोनदा भेटतात. रोज एका पत्राचा मायना वहीत उतरवायचा, बस्स. दहा मिनिटांचं काम. महिन्याभरात त्या एका ओळीतली अक्षरं मला मित्रासारखी दुरून ओळखू यायला लागली, आणि मग न ठरवताच नजर पुढच्या ओळीत जायला लागली.

वेळही अण्णांनीच बांधून दिली. ‘संध्याकाळी’ असं मोघम नाही, तर देवापाशी दिवा लावला की लगेच, त्यांच्या खाटेशेजारी बसून. पुढे या विषयावर वाचलं तेव्हा कळलं की पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच मांडलंय: ‘मी अमुक करीन’ एवढं ठरवणारापेक्षा ‘तमुक झालं की अमुक करीन’ असं ठरवणाऱ्याच्या हातून काम पार पडण्याची शक्यता जास्त. लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यासही तुमच्या कामाचा आहे, तो २०१० साली छापून आला. नवी गोष्ट आपसूक व्हायला लागायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. सोप्या-अवघड सवयीप्रमाणे आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत जात होता. म्हणजे तुमचं जे दोन-तीन महिन्यांत सुटतं, ते कदाचित अंगवळणी पडायच्या उंबरठ्यावरच सुटत असेल. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून त्यांची सवय विस्कटली नाही, असंही त्यात दिसलं. मला हे आधी माहीत असतं तर किती बरं झालं असतं. पहिल्या खेपेला दोन दिवस खाडा झाला की मला वाटायचं, गेलं सगळं. दुसऱ्या खेपेला नणंदेच्या ऑपरेशनपायी अकरा दिवस वही उघडली नाही. बाराव्या दिवशी दिवा लावला आणि बसले.

लोकांना सांगावं की नाही, यावर माझं मत आता ठाम आहे. चाळीस जणांना सांगू नका. एकाच माणसाला सांगा, आणि ते माणूस असं निवडा की जे ‘कधी संपणार?’ असं न विचारता ‘आज काय वाचलंस?’ असं विचारेल.

नवव्या महिन्यात मी पहिलं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं. अडले की अण्णा कानानं शब्द पुरा करायचे. शेवटाकडे एक ओळ होती: ‘चि. बाळास दात येत असून रात्री झोप देत नाही असे कळले, मध चोळीत जावा.’ मी थांबले. पत्र १९३१ चं होतं आणि त्या घरात तेव्हा एकच बाळ होतं. अण्णांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग स्वतःच्या बोळक्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

अण्णा आता नाहीत. एकशेबारा पत्रं उतरवून झाली आहेत, पुस्तक अजून व्हायचं आहे.

आता तुमचे पाच. मी तुमच्या जागी असते तर यंदा चार बाजूला ठेवले असते, सोडून दिले असं न मानता. उरलेला एक मी इंग्रजी घेतला असता, कारण तुम्हीच लिहिलंय की ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यापायी गप्प बसावं लागतं. म्हणजे खरी गरज तिथे आहे. त्यातलाही मायना शोधा. दर मीटिंगमध्ये लागणारी तीच ती आठ-दहा वाक्यं असतील: काम कुठवर आलं, कशासाठी अडलंय, कधी होईल. सकाळचा चहा संपला की कप खाली ठेवायच्या आधी ती मोठ्यानं म्हणा. घरात ऐकणारं कुणी असेल तर त्याच्यासमोर म्हणा. निदान श्रावण संपेपर्यंत दुसरं काही जोडू नका, आणि पहाटे पाचला तर मुळीच उठू नका.