तानसा आपली कोण लागते?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तानसा तलाव भरल्याची बातमी आली की आजी देवापुढे साखर का ठेवते, तानसा आपली कोण लागते, असं तू फोनवर विचारलंस. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे मुंबईतले. बाकीचे पाच ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत. सगळ्यांत मोठा भातसा, जवळजवळ निम्मं पाणी त्याचं. पण आजीचा जीव वैतरणेवर. ही नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतली. गोदावरीही तिथलीच, पण ती पूर्वेला निघते आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरते, थेट अर्नाळ्याजवळच्या समुद्रापर्यंत. वाटेत मुंबईसाठी तिला तीनदा अडवलं आहे: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर. (मोडक हे महापालिकेचे इंजिनिअर.) तानसा तिचीच उपनदी, तिच्यावरचं दगडी धरण १८९२ सालचं.

जून कोरडा गेला की पाणीकपात लागते. चाळीत आजीने पहाटे उठून हंडे-पिंपं भरण्यात उमर घालवली. म्हणून जुलैत पेपर उघडला की ती आधी तलावांचा साठा बघते. नदीला आपण आई म्हणतो. पावसाळ्यात ती दुथडी भरली की बायका काठावर जाऊन खणा-नारळाने तिची ओटी भरतात. परळहून काठ लांब, म्हणून आजीची साखर.

इथे मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. नळासाठी पावसाकडे डोळे लावून कुणी बसत नाही. मला मात्र ते डोळे लावून बसणं फार आठवतं.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या कित्येक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यांच्या रानातलं पाणी आपल्या मोरीत येतं आणि त्यांच्या लेकी हंडे घेऊन मैलभर चालतात. हा अन्याय आहे, आणि मला तो सलतो.

गणपतीत मी येते आहे. कसारा लोकलने आटगावला उतरू आणि तानसा बघायला जाऊ. ओटीचं सामान आजी काढेलच. जवळच्या पाड्यावरही जाऊ. मे महिन्यात पाणी कुठून आणता, हे तिथल्या बायकांना तू स्वतः विचार.

तुझी,
आई